'बदनाम' आणि 'बॅड नेम'

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच आलं: फादर म्हणजे पितर, मदर म्हणजे मातर, सबब इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. 'कष्टानं मारतो तो कस्टमर' हेही कुणीतरी खाली चिकटवलं होतं. सोलापुरात टॉवेलचं दुकान चालवणाऱ्या मामांना ते मनापासून पटलं. पण कस्टमर आला लॅटिनमधल्या सवयीच्या शब्दावरून. नेहमीच्या सवयीनं येतो ते गिऱ्हाईक.

नुसत्या साम्यावर विसंबायचं तर 'बदनाम' घ्या. इंग्रजीत 'बॅड नेम'. हुबेहूब! यातले नाम आणि नेम खरोखरच चुलतभाऊ आहेत. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा मात्र काडीचाही संबंध नाही, निव्वळ योगायोग.

मग नातं ओळखायचं कशावरून? ठरावीक फरकावरून. 'पाद' आणि 'फुट' शेजारी ठेवा, एकही व्यंजन जुळत नाही. प चा फ झालाय, द चा ट. आता 'दंत' आणि 'टूथ': पुन्हा द चा ट, आणि त चा थ. द्वि-टू, दश-टेन, त्रि-थ्री, सगळीकडे तोच हिशेब. इंग्रजी ज्या जर्मानिक घराण्यातली, त्या घराण्यात हे उच्चार असे शिस्तीत सरकले. हा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी मांडला; परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले ते हेच. संस्कृतनं इथे जुने उच्चार जपले एवढंच. दोघींची आई तिसरीच, आणि तिचं लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही. लॅटिनही त्याच आईची, पण ती त्या सरकण्यात सापडली नाही, म्हणून तिच्याकडून आलेल्या सायकलच्या 'पेडल'मध्ये प शाबूत आहे. 'पायजमा'तला फारसी पायही त्याच मुळाचा. म्हणजे इंग्रजीच्या घरात एकच पाय तीन दारांनी शिरला.

आता माझी लाडकी भानगड. 'भ्रातृ'मधल्या त चा जुन्या इंग्रजीत नियमाप्रमाणे थ झाला, पण 'पितृ'मधल्या त चा झाला ड! उत्तर दिलं डेन्मार्कच्या कार्ल वर्नर यांनी, १८७७ मध्ये, आणि तेही वैदिक स्वरांच्या आधारे. 'भ्राता'त उदात्त, म्हणजे चढा सूर, पहिल्या अक्षरावर, 'पिता'त दुसऱ्यावर. लगेच आधीच्या अक्षरावर असा आघात नसला की थ घोष होऊन, म्हणजे उच्चारताना गळ्यात कंप येऊन, पुढे ड कडे झुकतो. इंग्रजीत पुढे ब्रदर-फादर सारखे झाले. जर्मनमध्ये ब्रूडर आणि फाटर असा फरक अजून ऐकू येतो. मामांनी इथे जांभई दिली.

मग मी त्यांना त्यांच्याच गावाचं उदाहरण दिलं. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी पायाला 'कालु' म्हणतात, कन्नड गिऱ्हाईकही 'कालु'च म्हणतं. ते द्राविडी घराणं. आपल्या 'पाय'चा भाऊबंद लंडनात 'फुट' म्हणून नांदतोय, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या 'कालु'शी त्याची सोयरीकसुद्धा नाही. मामा म्हणाले, "पण टॉवेल तर आपलाच ना?" नाही. तोही जुन्या फ्रेंचमार्गे आलेला जर्मानिक शब्द, धुण्याच्या मुळाचा.