चिकणमातीतून वर्षाला तीन सेंटिमीटर

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ड्रेस्डेन हे लहानसं गाव आहे. भोवताली शेती, जवळून वाहणारी सिडनहॅम नदी. गावापासून जेमतेम किलोमीटरभरावर एक जुनी कचराभूमी आहे, कित्येक वर्षं फारशी वापरात नसलेली. तिचा दशकांपूर्वीचा परवाना हाती असलेल्या कंपनीला तिथे बांधकामाचा राडारोडा आणि माती मोठ्या प्रमाणावर आणायची आहे. २०२४ मध्ये प्रांत सरकारने सांगितलं, आधी सर्वंकष पर्यावरणीय मूल्यांकन करा. जून २०२५ मध्ये त्याच सरकारने 'बिल ५' मंजूर करून ती अट काढून टाकली. ओंटारियोचा बराच कचरा अमेरिकेत जातो, तो आता आपल्याकडेच जिरवायला हवा, असं कारण दिलं गेलं. बाकीच्या परवानग्या आजही लागतात. पण 'हीच जागा का, दुसरी का नाही?' हा मूल्यांकनातला पहिला प्रश्नच त्यातून गळाला.

राडारोड्याने काय बिघडतंय, असं पुष्कळांना वाटतं. विटा आणि सिमेंट काही कुजत नाहीत. पण त्यात जिप्समचे बोर्डही येतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ढिगात पाणी मुरलं, हवा संपली आणि सोबतीला लाकूड-कागद असला की सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि प्रमाण वाढलं तर तो विषारी ठरतो.

वायू निदान नाकाला कळतो. झिरपणारं पाणी, म्हणजे लीचेट, कळत नाही. ते अडवण्यासाठी भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत तळाला १.५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती सांगितली होती. त्या मातीतून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोट्यंशापेक्षा वेगाने जाऊ नये, अशी अट. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. गुणून पाहा: वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर! कणांमधल्या फटींतून जाताना पाणी याहून काहीसं लवकर पुढे सरकतं, तरी चाल गोगलगायीचीच.

हा हिशेब अखंड मातीचा झाला. जमिनीखाली मात्र जुन्या मुळांची भोकं असतात, सुकून पडलेल्या भेगा असतात, मध्येच वाळूचा पातळ थर निघतो. अशा वाटेने पाणी शेकडो पट वेगाने पळतं. ती वाट कुठे आहे, हे कागदावर दिसत नाही. बोअर घ्यावे लागतात, निरीक्षण विहिरी खोदाव्या लागतात, आणि पातळी निदान वर्षभर मोजावी लागते. आपल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी पाहून कोणी श्रावणातलं सांगू शकेल का? तिकडे बर्फ वितळतानाची पातळी वेगळी आणि उन्हाळ्याच्या शेवटची वेगळी. मूल्यांकनाला लागणारा वेळ हा असा ऋतूंचा आहे. त्याला 'दिरंगाई' म्हटलेलं मला पटत नाही.

सिडनहॅम ही गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांसाठी कॅनडातल्या सर्वांत समृद्ध नद्यांपैकी एक. 'नॉर्दर्न रिफलशेल' हा अतिशय दुर्मीळ शिंपला तिथे तगून आहे. याचे डिंभ, म्हणजे अगदी सुरुवातीची पिल्लं, माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मगच तळाशी उतरतात. अमोनिया आणि क्लोराइड या कोवळ्या जिवांना फार बाधतात, आणि लीचेटमध्ये हे दोन्ही असू शकतात. काही जातींचे मोठे शिंपले कित्येक दशकं जगतात. त्यामुळे पिल्लं जगायची थांबली तरी नदीचा तळ बरीच वर्षं भरलेलाच दिसतो. पहिला ट्रक रिकामा होण्याआधी तळाशी पिल्लं किती होती याची नोंद असेल, तरच पुढची घट ओळखता येईल. आणि ती नोंद घ्यायची, तर आत्ताच घ्यायला हवी.