प्रगतिपुस्तक घेऊन या

“चौतिसाव्या वर्षी आईला बरोबर घेऊन जाऊ?” मावसबहीण फोनवर वैतागली होती. मोबाइलवरच्या सहा प्रश्नांच्या चाचणीत एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा अशी लहानपणापासूनची अडचण) शक्यता निघाली, म्हणून ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेली. त्यांनी पहिल्याच भेटीत आईला घेऊन यायला सांगितलं आणि प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकंही मागितली. तिला वाटलं, आपल्यावर विश्वासच नाही. मला मात्र या मागणीमागचा हिशेब फार आवडतो.

समजा, १००० प्रौढांपैकी ३० जणांना एडीएचडी आहे. चाचणीही चांगली धरू: ज्यांना तो आहे त्यांतले ९० टक्के ती पकडते, ज्यांना नाही त्यांतले ९० टक्के बरोबर वगळते. मग ३० पैकी २७ सापडतील, पण उरलेल्या ९७० मधले ९७ जणही उगाच अडकतील. चाचणीने बोट दाखवलेल्या १२४ जणांत खरे २७, म्हणजे पाचात जेमतेम एक!

हेच गुणोत्तरात मांडू. सुरुवातीला ३:९७. चाचणीचं वजन म्हणजे बरोबर पकडलेल्यांचं प्रमाण ०.९ भागिले उगाच अडकलेल्यांचं प्रमाण ०.१, म्हणजे ९. गुणलं की २७:९७. तितक्याच वजनाचा दुसरा पुरावा मिळाला तर २४३:९७, म्हणजे शंभरात ७१. अट एकच, दुसरा पुरावा पहिल्यापासून स्वतंत्र हवा. त्याच माणसाने त्याच रात्री, अर्धवट झोपेत आणखी बारा प्रश्न सोडवले तर पुन्हा ९ ने गुणता येत नाही, कारण पहिल्या उत्तरांतली चूक दुसऱ्यांतही उतरते. पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी लिहिलेल्या शेऱ्याला आजच्या झोपेशी, आजच्या रीलशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तो इतका मोलाचा.

२०१३ च्या डीएसएम-५ चे, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेचे, एडीएचडीचे निकषही याच वाटेने जातात. नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्यांपैकी एकीतली मुलांमध्ये सहा, प्रौढांमध्ये पाच लक्षणं हवीत. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी जगण्यात खरी अडचण आणलेली हवी. थायरॉइड, नैराश्य, चिंता यांनीही लक्ष उडतं, तेही तपासावं लागतं. ऑटिझमच्या निदानातही बालपण असंच खोदून विचारतात. दोन्ही एकत्र असू शकतात, हे तर डीएसएमने २०१३ मध्येच मान्य केलं.

शेरा नाही म्हणजे एडीएचडी नाही, असं मात्र कुणी समजू नये. दंगा करणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांत भरतो, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी सुटून जाते. तिथे आईला विचारावं लागतं.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ आपल्याकडे पालकांना विकली जाते, त्याची मला चीड येते. ठसे गर्भातच पक्के होतात. मूल वर्गात कसं बसतं, घरी कसं वागतं, हे त्यांत कुठून येणार? हात पाहून भविष्य सांगण्याचाच हा प्रकार. त्यावर पैसे घालवू नका.

काल बहिणीने फोटो पाठवला. मावशीच्या ट्रंकेतलं प्रगतिपुस्तक, इयत्ता तिसरी, निळी शाई: ‘तोंडी उत्तरे छान. डबा, पट्टी, छत्री वर्गात विसरते.’ गुरुवारी पुढची भेट आहे. मावशीही जाणार आहे.