काला आंब (पानिपत)

हरियाणातील पानिपत शहरापासून सुमारे ८ किमी. अंतरावर, शेतशिवारात असलेले पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे स्मारक. मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली यांच्यातील ही लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी (पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार) झाली. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ येथील आंब्याच्या झाडापाशी अखेरपर्यंत लढले, अशी परंपरा आहे. झाड फार पूर्वीच वाळून गेले. रक्ताने भिजलेल्या मातीमुळे त्याची पाने काळवंडली होती आणि फळांतून तांबडा रस निघे, असे त्या भागात सांगतात.

मूळ स्मारक अगदी साधे आहे. विटांचा स्तंभ, त्यात रोवलेला लोखंडी दांडा आणि लढाईची थोडक्यात माहिती देणारा इंग्रजी व उर्दू लेख, एवढेच त्याचे स्वरूप. भोवती पुढे कुंपण आणि बाग झाली. धारातीर्थी पडलेल्यांच्या नावांची यादी येथे नाही, आणि ती करणेही शक्य झाले नसते. लढाईनंतर दक्षिणेत जी सांकेतिक बातमी पोहोचली, तिच्यात दोन मोती गळाल्याचे, मोहरा हरपल्याचे आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणतीच नसल्याचे म्हटले होते. दोन मोती म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव. खुर्द्यात, म्हणजे चिल्लरीत, शिलेदार व बारगीर हे घोडेस्वार, छावणीबरोबरचे नोकर-व्यापारी म्हणजे बाजारबुणगे आणि उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू, असे सगळेच आले. लढाईच्या दुसऱ्या दिवशी मराठ्यांच्या छावणीत जी कत्तल झाली, तिचे बळी बहुतांशी हेच लोक होते. काला आंबचा निनावी स्तंभ खऱ्या अर्थाने त्यांचा आहे.

येथे येणाऱ्याने स्तंभापेक्षा भोवतालची जमीन अधिक वेळ पाहावी. प्रदेश सपाट आहे. डोंगर, घाट, दरी असे आडोशाचे काहीच नाही. सह्याद्रीत मुरलेल्या फौजेला हे रान किती परके वाटले असेल ते नकाशावरून कळत नाही, येथे उभे राहिले की लगेच कळते. पानिपत गावाकडे पाठ आणि दिल्लीकडे तोंड केले, की मराठ्यांची कोंडी ध्यानात येते. ऑक्टोबर १७६० मध्ये त्यांनी उत्तरेकडील कुंजपुरा जिंकला. परंतु त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि त्यांच्या व दिल्लीच्या मधे येऊन बसला. उत्तरेहून आलेला शत्रू दक्षिणेस आणि दक्षिणेची फौज उत्तरेस, अशी उलटी मांडणी झाली. घरची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती. अडीच महिन्यांत रसद तुटली, माणसे व जनावरे उपाशी पडली, तेव्हा वेढा फोडून दिल्लीकडे सरकायचे असे ठरले. इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याने आणि पलटणींनी सकाळी पारडे मराठ्यांकडे झुकवलेही होते. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले आणि फौजेचा धीर सुटला. भाऊ व विश्वासराव यांचे अंत्यसंस्कार अब्दालीच्या बाजूने असलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या खटपटीने झाले.

लढाई ऐन मकरसंक्रांतीला झाली, आणि त्यावरूनच ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. गणित मात्र जुळत नाही. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष अगदी संथपणे डोलत असल्यामुळे, संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते. १७६१ साली ती १०-११ जानेवारीच्या सुमारास होती. ‘पानिपत होणे’ हा प्रयोग मात्र निःसंशय या लढाईतून आला.

पानिपत शहरातील इब्राहिम लोदीची कबर आणि काबुली बाग मशीद ही स्थळे १५२६ च्या पहिल्या लढाईशी संबंधित आहेत. सवड असेल तर तीही पाहावीत. दिल्लीहून पानिपत सुमारे ९० किमी. असून हमरस्ता व रेल्वे अशा दोन्ही मार्गांनी जाता येते. हिवाळ्यात येथे दाट धुके पडते, त्यामुळे रणभूमीचा विस्तार पाहायचा असेल तर दुपारी गेलेले बरे.

दरवर्षी १४ जानेवारीला येथे शौर्य दिन होतो. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागांतील रोड समाजातील अनेकजण स्वतःला या लढाईतून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि रोड मराठा म्हणवतात. समकालीन कागदांतून हा वंशसंबंध सिद्ध झालेला नाही. तरीही महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचे ते ज्या आपुलकीने स्वागत करतात, तिचे मोल कागदावर अवलंबून नाही. २०२५ च्या शौर्य दिनाला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. त्या वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात हरियाणा सरकारच्या सहकार्याने पानिपत येथे नवे स्मारक उभारण्याची घोषणा झाली.