रंग आला, पण विषामुळे की प्रोटीन-एमुळे?

दूध उकळलं की त्यातले स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं एन्टरोटॉक्सिन हे विषारी प्रथिन उकळीला सहसा दाद देत नाही. मग जिवाणू वाढवून काय हाती लागणार? शोधायचं ते प्रथिनच, आणि त्यासाठी सँडविच एलायझा, म्हणजे दोन अँटिबॉडींच्या (ठराविक पदार्थाला धरणाऱ्या प्रथिनांच्या) मध्ये विष पकडून रंगावरून ते ओळखणारी चाचणी.

९६ खळग्यांच्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये, प्रत्येक खळग्यात विषाला पकडणारी सशाची अँटिबॉडी १०० मायक्रोलिटर घालतात. ती पीएच ९.६ च्या कार्बोनेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), मिलिलिटरला साधारण २ मायक्रोग्रॅम असते. प्लेट रात्रभर ४ अंश सेल्सियसला ठेवली की अँटिबॉडी प्लास्टिकला चिकटते. उरलेली मोकळी जागा १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालून बुजवायची, नाहीतर पुढचं सगळंच तिथे चिकटेल. नंतर नमुना घालून तासभर ठेवायचा, धुवायचं, आणि पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी घालायची. पुन्हा धुवून टीएमबी (पेरॉक्सिडेजमुळे रंग येणारं रसायन) घातलं की विष असलेल्या खळग्यात निळा रंग चढतो. पंधरा मिनिटांनी सल्फ्युरिक आम्ल टाकलं की तो पिवळा होतो. मग ४५० नॅनोमीटरला मोजायचा.

धुण्यात आळस केला की चाचणी बिघडलीच. धुण्याच्या बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) हवं, आणि दर वेळी प्लेट उलटी करून टिपकागदावर आपटायची. कच्च्या दुधात तर स्वतःचंच लॅक्टोपेरॉक्सिडेज, म्हणजे तसंच रंग आणणारं एन्झाइम, असतं. ते मागे राहिलं तर विष नसतानाही रंग येतो. उलट, बफर टिकावा म्हणून कोणी सोडियम अझाइड घातलं असेल, तर पेरॉक्सिडेज मंदावतं आणि विष असूनही रंग फिका पडतो.

खरी फसवणूक मात्र जिवाणूच करतो. हाच स्टॅफिलोकॉकस प्रोटीन-ए नावाचं दुसरं प्रथिनही बनवतो. अँटिबॉडी वाय आकाराची असते. तिचे दोन हात विषाला धरतात, प्रोटीन-ए मात्र तिची शेपूट धरतं. त्याच्याकडे अशा पाच पकडी असल्यामुळे एका पकडीत तळाची अँटिबॉडी, दुसरीत एन्झाइमवाली, आणि विषाशिवायच सँडविच तयार! सशाच्या अँटिबॉडीची शेपूट तर त्याला फारच घट्ट धरता येते.

हे ओळखायला काही खळग्यांत विषाशी संबंध नसलेली सशाची साधी अँटिबॉडी लावून तोच नमुना घालावा. तिथेही रंग आला, तर संशयित प्रोटीन-ए. काही जण खर्च वाचवायला नेमके हेच खळगे गाळतात. आमच्या मते ती काटकसर महागात पडते. उपाय दोन. नमुन्यात आधी सशाचं साधं सीरम (अँटिबॉडी असलेला रक्तद्रव) मिसळून अर्धा तास ठेवलं की प्रोटीन-एच्या पकडी तिथेच अडकून पडतात. नाहीतर दोन्ही अँटिबॉडी कोंबडीच्या वापरायच्या. त्या अंड्याच्या बलकातून मिळतात आणि त्यांची शेपूट प्रोटीन-एला धरताच येत नाही.