ग्रीक-रोमन विद्येच्या संशोधनाचे अर्थसाहाय्य : गोवा

प्राचीन ग्रीस व रोम यांच्या भाषा, वाङ्मय, कायदा, वैद्यक व कला यांच्या विद्यापीठीय अभ्यासाला मिळणारा पैसा, आणि गोव्यातील त्याचा इतिहास.

गोव्यात या विद्येला पहिला पैसा मिळाला तो जमिनीतून. 1541 मध्ये गोवा शहरात सांता फे ही बंधुसंस्था स्थापन झाली. तिच्या विद्यालयाला, म्हणजे पुढे जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) हाती गेलेल्या सेंट पॉल महाविद्यालयाला, तिसवाडीतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून देण्यात आले. ज्या शेतांच्या उत्पन्नावर देवाची पूजा-नैवेद्य चाले, त्यावरच लॅटिनचे वर्ग पोसले गेले. गोव्यातील लॅटिन विद्येचे कौतुक करताना हा हिशेब आधी मांडायला हवा. तो वगळून लिहिलेला इतिहास अपुरा राहतो.

या विद्येतून काय निपजले, तेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. 1556 मध्ये याच महाविद्यालयात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. डिऑस्कोरिडीस, प्लिनी, गालेन या प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथकारांची वचने त्यांनी इथल्या बाजारातल्या मालावर आणि स्थानिक वैद्यांच्या अनुभवावर पडताळून पाहिली, आणि स्पेनमध्ये असतो तर गालेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, अशी कबुलीही दिली. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने 1567 मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला, तेव्हा युरोप तो वाचू लागला. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण 1640 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आले; त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे.

आधुनिक काळात असे संशोधन मुख्यतः तीन वाटांनी पोसले जाते : सरकारी अनुदान, शिष्यवृत्ती आणि ठेवीवरचे अध्यासन. ठेवीची वाट सर्वांत टिकाऊ, कारण मुद्दल राखून व्याजावर प्राध्यापक नेमता येतो. ग्रीक-लॅटिन ग्रंथमाला सुरू करणारे जेम्स लोब यांनी 1933 मध्ये आपला निधी हार्वर्ड विद्यापीठाला ठेवला. त्यातून आजही संशोधकांना मदत मिळते. उलट्या दिशेचे उदाहरण दिमित्रिओस गालानोस यांचे. काशीत राहून संस्कृत ग्रंथांचे ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्या या अथेन्सकराने 1833 मध्ये मरताना आपली संपत्ती व हस्तलिखिते अथेन्समधील विद्येसाठी ठेवली. त्यांच्या नावाचे ग्रीकविद्येचे अध्यासन 2000 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुरू झाले.

गोवा विद्यापीठात (स्थापना 1985) अतिथी प्राध्यापकांची अध्यासने आहेत. त्यांतले एक गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाचे. गोव्यातील कोसबे गावी जन्मलेले कोसंबी शालेय वयात अमेरिकेतील केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये शिकले होते, आणि भारताचा इतिहास लिहिताना अलेक्झांडरविषयीचे ग्रीक वृत्तांत त्यांनी बारकाईने तपासले. अतिथी अध्यासनाचा प्राध्यापक मात्र ठरावीक काळापुरता येतो. त्याची व्याख्याने गर्दी खेचतात, पण लॅटिन विभक्ती व्याख्यानातून अंगवळणी पडत नाहीत; त्यासाठी दोन-तीन वर्षे रोज शिकवणारा माणूस लागतो. ‘क्रिस्तपुराणा’चा अभ्यासक तर लॅटिन, पोर्तुगीज आणि संतकवींची मराठी अशा तिन्ही भाषांत मुरलेला हवा. गोव्यात मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ यातली एक आधीच असते. उरलेल्या दोन शिकण्याच्या वर्षांत त्याचे पोट भरेल एवढी शिष्यवृत्ती ही या क्षेत्राची पहिली गरज आहे.