खुलासा: रुंद बोर्ड म्हणजे आरामदायी बोर्ड?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर विंडसर्फिंगचा (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर पळायचा खेळ) विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "भावा, पाणी खवळलेलं असलं की रुंद, जास्त लिटरचा बोर्ड घे." (लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान; जितकं जास्त, तितका तो जास्त तरंगतो.) शिकताना ठीक आहे, तोल सांभाळायला रुंदी लागतेच. पण वेग घेतल्यावर बोर्ड नुसता तरंगत नाही, पाण्यावरून घसरतो. तेव्हा रुंद, सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो आणि दणके थेट गुडघ्यांत. (खड्ड्यांतून स्कूटर पळवून बघा.) अरुंद शेपटीचा, तळाला व्ही आकाराचा उतार असलेला बोर्ड तेच पाणी कापत जातो. फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) बोर्डाच्या मध्यरेषेजवळ असले की ताबाही सोपा. ८० किलोच्या, सरावलेल्या माणसाला साधारण १०५ ते ११५ लिटरचा फ्रीमूव्ह (वेग आणि वळणं दोन्ही जमवणारा) बोर्ड बरंच काही भागवतो. हलक्या वाऱ्यासाठी मोठं शीड लावायचं असेल, तर मात्र थोडी रुंदी परत घ्यावी लागते.