वेगमर्यादा निश्चिती, स्थानिक रस्त्यांवरील (सोलापूर)

वेगमर्यादा निश्चिती म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वाहनाने जास्तीत जास्त किती वेगाने जावे हे पाहणी करून ठरवणे, त्याचा कायदेशीर आदेश काढणे आणि तो फलक लावून रस्त्यावर जाहीर करणे. यातला एक टप्पा राहिला तरी मर्यादा लंगडी पडते. आदेश नसताना लावलेला फलक ही चालकाला केलेली विनंती ठरते आणि फलक नसलेला आदेश फाइलमध्येच राहतो. ‘वाहने सावकाश चालवा’ या रंगवलेल्या पाटीला कायद्याचा आधार नसतो, कारण तिच्यावर आकडाच नसतो.

सोलापुरात हा विषय नाजूक आहे. पुणे–हैदराबाद (क्र. ६५), तुळजापूरकडून विजयपूरला जाणारा (क्र. ५२), सांगली–मंगळवेढ्याकडून येणारा (क्र. १६६) आणि अक्कलकोटमार्गे कलबुर्गीला जाणारा (क्र. १५०ई) असे चार राष्ट्रीय महामार्ग शहराला भिडतात. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड ही नावे गावांना जोडणाऱ्या रस्त्यांची आहेत. पण आज त्यांच्या दोन्ही अंगांना शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये आणि भाजीवाले आहेत. रुंदी हमरस्त्याची आणि वापर गल्लीचा, अशी त्यांची अवस्था आहे.

कायद्याचा आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११२ हे मूळ कलम. कोणत्या वर्गाच्या वाहनाने कमाल किती वेगाने जावे, याची वरची पातळी केंद्र सरकार राजपत्रातून ठरवते. त्या पातळीच्या खाली, सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्या-पुलाचे स्वरूप पाहून, राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट भागासाठी वा रस्त्यासाठी कमी मर्यादा घालू शकतो. त्यासाठी दोन अटी आहेत : राजपत्रात अधिसूचना आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी वाहतूक चिन्हे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही.

६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत पालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० किमी, बस, मालवाहू वाहने आणि मोटारसायकलींना ६०, तर तीनचाकींना ५० असे आकडे दिले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या अधिसूचनेविरुद्ध निकाल दिला. तरीही स्थानिक पातळीवर आजही हेच आकडे सांगितले जातात, आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. तो कमाल छताचा आकडा आहे, शिफारस नव्हे. साखर पेठेच्या बोळात मोटारीला ७० ची मुभा आहे असे त्यातून निघत नाही. तिथे किती हवे ते स्थानिक प्राधिकाऱ्यानेच ठरवायचे आहे. तसे ठरवलेच नाही की छत हेच मर्यादा होऊन बसते. शहरातल्या बहुतेक अंतर्गत रस्त्यांचा खरा दोष हा आहे.

रस्ता कोणाचा, आदेश कोणाचा

पाहणीला निघण्याआधी हे कागदावर स्पष्ट लागते. शहरातले रस्ते महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग यंत्रणा यांच्यात वाटलेले आहेत. हद्दीबाहेर जिल्हा परिषदेचेही आहेत. वाहतूक नियमनाचे आदेश शहरात पोलीस आयुक्तालयाकडून आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून निघतात. म्हणजे आदेश काढणारा एक आणि खांब रोवणारा दुसरा. दोघांची संयुक्त पाहणी आणि तिच्यावर दोघांच्या सह्या नसतील तर फलकाचा खर्च कोणी करायचा यावर काम अडते. समन्वयासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते; प्रस्ताव तिथे मांडला की सगळी खाती एका टेबलावर येतात.

हद्दीचा प्रश्न अक्कलकोट रोडवर सर्वांत ठळक दिसतो. शहर संपल्यावर लगेच कुंभारी आहे. तिथे विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत, सुमारे दहा हजार घरांची. त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना, जिच्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. तयार विड्या घेऊन जाणाऱ्या बायका, शाळेची मुले, सायकलवाले आणि सहा आसनी रिक्षा यांची वर्दळ पूर्ण शहरी; हद्द मात्र ग्रामीण. कागदावर ‘शहराबाहेरचा रस्ता’ म्हणून तिथे वरचा वेग ठेवणे हे रस्त्यावरच्या माणसांकडे पाठ फिरवणे आहे.

वेगाची मोजणी

जगभर वापरला जाणारा पहिला आकडा म्हणजे ८५ व्या शतमानाचा वेग. मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्या १०० वाहनांचे वेग कमी ते जास्त असे लावले की ८५ व्या वाहनाचा वेग तो. त्यासाठी एका ठिकाणी, एका दिशेची किमान १०० वाहने मोजावीत. दुचाकी, मोटार, रिक्षा आणि जड वाहने यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी, कारण सगळी एकत्र केली की सोलापूरसारख्या दुचाकीबहुल शहरात दुचाकीचाच वेग ‘रस्त्याचा वेग’ म्हणून पुढे येतो. पुढच्या वाहनामागे अडकलेले वाहन मोजू नये. पुढे चार-पाच सेकंदांचे अंतर मोकळे असेल तरच चालकाने आपल्या मनाने वेग निवडला असे म्हणता येते. बाजाराचा दिवस, पाऊस, मिरवणूक, सिग्नलपासून शंभर-दीडशे मीटरचा पट्टा हे सारे टाळावे.

स्पीड गनने (वाहनावर रोखून वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजताना दोन चुका नेहमी होतात. गणवेशातला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला की वाहने आपोआप सावकाश होतात आणि खरा वेग कळतच नाही. दुसरी चूक कोनाची. गन वाहनाच्या मार्गाला तिरपी धरली तर वेग कमी दिसतो : १० अंशांत फरक दीड टक्का, पण २० अंशांवर ५० चा वेग ४७ दिसतो. दुकानाच्या पायरीवर आडवे उभे राहून घेतलेली मोजणी त्यामुळे रस्त्याला उगाच सुरक्षित ठरवते.

यंत्र नसेल तर खडूने दोन रेघा मारून काम भागते. पन्नास मीटर अंतरावर रेघा ओढाव्यात आणि स्टॉपवॉचने वेळ घ्यावी. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किमी, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंदांत पार झाले तर ५०. अर्ध्या सेकंदाची चूक वरच्या वेगात सहा ते आठ किलोमीटरचा फरक पाडते, म्हणून वेळ घेणारा मधोमध, दोन्ही रेघा सरळ दिसतील अशा जागी हवा. वेगवान रस्त्यावर अंतर शंभर मीटर करावे. प्राथमिक प्रस्तावासाठी ही पद्धत पुरते. दंडासाठी अजिबात नाही.

आकडा ठरवताना

८५ व्या शतमानाचा वेग हा चालकांचा कौल असतो. रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंचे मत त्यात कुठेच येत नाही. महामार्गावर तो चांगला मार्गदर्शक आहे. पेठेत एकट्या त्याच्या भरवशावर मर्यादा घालणे चूक आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे चालकाला धोका दिसून गाडी थांबेपर्यंत ताशी ३० ला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६० आणि ६० ला ८० मीटर अंतर धरले जाते. यात अडीच सेकंद चालकाच्या प्रतिसादाचे आहेत. वळण, झाड, उभा ट्रक किंवा टपरी यांमुळे प्रत्यक्ष किती मीटर पुढचे दिसते ते टेपने मोजावे आणि त्या अंतरात थांबता येईल तोच आकडा धरावा. भवानी पेठ, अशोक चौक, पूर्व भागातले यंत्रमाग कारखान्यांचे रस्ते अशा ठिकाणी हा आकडा बहुधा ३० च्या आसपासच येतो. जागतिक आरोग्य संघटनाही पादचारी आणि वाहने मिसळतात तिथे ३० आणि शहरात एकूण ५० चीच शिफारस करते. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, हा संघटनेने दिलेला हिशेब बैठकीत सर्वांत उपयोगी पडतो.

‘वेळ वाया जातो’ हा आक्षेप दर बैठकीत येतो. तीन किलोमीटरचा टप्पा ५० ने गेल्यास ३ मिनिटे ३६ सेकंद, ४० ने गेल्यास साडेचार मिनिटे लागतात. फरक ५४ सेकंदांचा, तोही वाटेत एकही सिग्नल नाही असे धरून.

अपघातांच्या नोंदी शेजारी ठेवाव्याच लागतात. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर ते ठिकाण अपघातप्रवण धरतात. पण स्थानिक रस्त्यावर या निकषाची वाट पाहू नये. तिथे एखाददुसरा मृत्यू आणि रोजचे किरकोळ पडणे-खरचटणे हाच इशारा असतो, आणि किरकोळ अपघात पोलीस ठाण्यात नोंदले जात नसल्याने रुग्णालयाच्या अपघात विभागाकडून माहिती मागवावी लागते.

गाळपाचा हंगाम हे इथले खास गणित. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ते स्वतः सावकाश असतात. धोका असतो तो मागून वेगाने येणाऱ्याला, कारण मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो आणि परावर्तक चिंध्या-धुळीने झाकलेला असतो. दोन वाहनांच्या वेगातला फरक जितका मोठा तितका मागून धडकण्याचा धोका मोठा. म्हणून अशा रस्त्यांची रात्रीची मोजणी हंगामात स्वतंत्र करावी.

आदेश आणि फलक

आदेशात रस्त्याचे नाव पुरत नाही. कुठून कुठपर्यंत, कोणत्या दिशेने, कोणत्या वर्गाच्या वाहनांना, कोणत्या वेळेत आणि कोणत्या कलमाखाली हे सारे लागते. ‘होटगी रोडवर ४०’ असा आदेश वादात टिकत नाही. सुरुवात आणि शेवट चौकाच्या नावाने किंवा किलोमीटरच्या दगडाने बांधावा. आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या तर शाळा, एसटी आणि व्यापारी यांच्या अडचणी वेळेत कळतात.

फलक गोल, लाल कडेचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा आकडा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात आकड्याला भाषांतर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. शहरी रस्त्यावर ६०० मिमी व्यासाचा फलक चालतो. पदपथ असेल तर खालची कड डोक्याच्या वर, दोन मीटरहून उंच असावी. हद्द सुरू होते तिथे, आणि प्रत्येक मोठ्या चौकानंतर पुन्हा, दोन्ही दिशांना फलक लागतो, कारण मधल्या गल्लीतून आलेल्याने पहिला फलक पाहिलेलाच नसतो. महामार्गावरून आलेल्याला एकदम १०० वरून ४० वर आणू नये. मध्ये ८० आणि ६० चे टप्पे द्यावेत.

फलक बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. कडुनिंबाची फांदी, वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि उन्हाने विटलेला परावर्तक पापुद्रा. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. दिवसा ठीक दिसणारा फलक रात्री हेडलाइटमध्ये काळा पडलेला आढळतो. त्यामुळे वर्षातून एक फेरी रात्री, गाडीच्या दिव्यात, मारायलाच हवी.

गतिरोधक

रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत असेल तर ३० चा फलक एकट्याने वेग उतरवत नाही. तिथे रस्त्याचा आकार बदलावा लागतो : चौकात कोपरे आवळणे, दुभाजकात पादचाऱ्याला थांबायला जागा, उंच केलेले झेब्रा क्रॉसिंग. गतिरोधक हा यातला सर्वांत परिचित आणि सर्वांत वाईट बांधला जाणारा प्रकार. मानकातला गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंमी उंच असतो; त्यावरून ताशी २५ ने गेल्यास धक्का बसत नाही. गल्लीत रातोरात सिमेंट ओतून केलेला हातभर रुंदीचा कट्टा वेग कमी करतोच, पण दुचाकीवर मागे बसलेली बाई पडते, गरोदर स्त्रीला इजा होते, रुग्णवाहिका रखडते. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक नसलेला गतिरोधक स्वतःच अपघाताचे कारण होतो. सलग रस्त्यावर ते १०० ते १२० मीटर अंतराने हवेत. एकच टाकला की चालक पुढे अधिक जोराने पळवतो.

अंमलबजावणी

वेगमर्यादा ओलांडल्यास कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड प्रवासी-माल वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो. केवळ एका साक्षीदाराच्या ‘मला वेग जास्त वाटला’ या मतावर शिक्षा होत नाही. ते मत यंत्राच्या मापनावर आधारलेले हवे. याच कलमात एक फारसे न वापरलेले पोटकलमही आहे : मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक मालकाने लावले, तर ते मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. खासगी बस आणि माल वाहतुकीसाठी ते वापरले जावे.

यंत्रांचे नियम कडक होत गेले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ (२०२१) प्रमाणे उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे दरवर्षी नूतनीकरण, जागेवर आधीच सूचनाफलक आणि घटनेपासून १५ दिवसांत नोटीस लागते. १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडारची वैध मापन खात्याकडून पडताळणी आणि मुद्रांकन आवश्यक आहे. ई-चलानाला हरकत घेणाऱ्याने पाहाव्यात त्या गोष्टी याच : आदेश, फलक, यंत्राचे प्रमाणपत्र, तारीख.

तात्पुरत्या मर्यादा

एक महिन्याची सवलत सोलापुरात खूप उपयोगाची आहे. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रात्रभर चाललेली रांग, आषाढीत शहरातून जाणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाभोवतीची गर्दी : या प्रत्येक वेळी थोड्या दिवसांचा आदेश आणि हलवता येणारे फलक पुरतात. मात्र उत्सव संपल्यावर ते फलक त्याच आठवड्यात उचलावेत. विनाकारण राहिलेला २० चा फलक चालकाला शेजारच्या खऱ्या फलकाकडेही दुर्लक्ष करायला शिकवतो.

फेरतपासणी

कायम मर्यादा लागू झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला पुन्हा मोजणी करावी. ८५ व्या शतमानाचा वेग मर्यादेपेक्षा दहाने वरच राहिला असेल तर आधी फलक दिसतात का ते पाहावे, मग रस्त्याची रुंदी आणि आकार, आणि त्यानंतरच दंडाच्या मोहिमेकडे वळावे. नवा दुभाजक, नवी शाळा, सर्व्हिस रोड किंवा वसाहत झाली की जुना आकडा पुन्हा तपासणीला घ्यावा लागतो.